ठाण्याच्या वर्गात माळावरचा लांडगा

ठाणे किंवा नवी मुंबईच्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना लांडग्याचे चित्र काढायला सांगितले, तर बहुतेक वह्यांत बर्फाचे डोंगर, सूचिपर्णी झाडे, पूर्ण चंद्र आणि त्या चंद्राकडे तोंड करून ओरडणारे एक झुपकेदार करडे जनावर उमटते. हे जनावर मुलांनी पडद्यावर पाहिलेले असते आणि ते खोटेही नसते. मात्र ते उत्तर अमेरिकेचे किंवा युरोपचे असते. घाटमाथ्याच्या पलीकडे पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव या जिल्ह्यांच्या उघड्या माळावर जो लांडगा आजही राहतो, तो अंगाने सडपातळ, केसांनी विरळ, वाळल्या गवताच्या रंगाचा आणि वजनाने वीस किलोच्या आसपास भरणारा प्राणी आहे. म्हणून साहित्य जमवण्याआधी शिक्षकांनी एक गोष्ट ठरवून घ्यावी, की वर्गात येणारा लांडगा दख्खनचा असेल आणि त्याच्याबरोबर त्याचा माळही वर्गात येईल. पुढे दिलेले उपक्रम मी पाचवी ते सातवीच्या वर्गांत करून पाहिले आहेत. त्यांना लागणाऱ्या बहुतेक वस्तू वाणसामानाच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

पहिल्या तासाला मुलांनी काढलेली चित्रे भिंतीवर तशीच लावावीत आणि त्यांच्याविषयी काहीही बोलू नये. त्यानंतर दाराच्या चौकटीवर जमिनीपासून पासष्ट सेंटीमीटरवर खडूने रेघ ओढावी. भारतीय लांडग्याची खांद्यापाशी उंची साधारण तेवढीच असते. मुले रांगेने येऊन ती रेघ आपल्या कमरेशी ताडून पाहतात आणि "एवढाच?" असे हमखास म्हणतात. वजनासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा घरचा ताणकाटा घ्यावा आणि दप्तरे एकेक करून टांगत वीस किलो होईपर्यंत बेरीज करावी. आमच्या वर्गात चार दप्तरांतच एक लांडगा झाला. दप्तराच्या ओझ्यावरचे शासकीय परिपत्रक त्या दिवशी जरा बाजूला ठेवावे लागले. या मोजमापावरून खाकी कागदावर पूर्ण आकाराची आकृती काढून ती कापावी आणि बर्फातल्या चित्रांच्या शेजारी उभी करावी. १८३१ मध्ये कर्नल साइक्स यांनी या लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले ते दख्खनमधल्या जनावरांवरून, आणि त्याला दिलेल्या ‘पॅलिपेस’ या नावाचा अर्थ ‘फिकट पायांचा’ असा आहे, ही माहिती येथे सांगितली, तर आकृतीचे पाय रंगवताना मुले ती विसरत नाहीत.

चित्रे छापून आणताना मात्र सावध राहावे. इंटरनेटवर ‘लांडगा’ म्हणून मिळणारी बरीचशी छायाचित्रे परदेशी लांडग्यांची, तर काही चक्क हस्की जातीच्या पाळीव कुत्र्यांची असतात.

नावांचा घोळ

इंग्रजी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा असे शिकवलेले असते आणि तेथूनच गोंधळ सुरू होतो. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो इंग्रजीतला ‘जॅकल’. ‘फॉक्स’ला मराठीत खोकड म्हणतात. लांडगा, कोल्हा, खोकड, रानकुत्रा आणि तरस अशी पाच कार्डे करून मुलांकडून दोन गटांत लावून घ्यावीत. पहिले चार श्वान कुळातले असतात. तरस दिसायला कुत्र्यासारखे असले तरी त्या कुळातले नसते आणि नात्याने मांजर-मुंगसांना जवळचे असते. तरसाचे कार्ड प्रत्येक वर्गात चुकीच्या गटात पडते. ते पडू द्यावे.

या टप्प्यावर ठाणे-नवी मुंबईच्या मुलांना एक फायदा आहे, जो पुण्या-सोलापूरच्या शिक्षकालाही नसतो. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील खारफुटीत कोल्हे राहतात. ऐरोली, वाशी, खारघर या बाजूला राहणाऱ्या मुलांपैकी एखाद्याने तरी रात्री कोल्हेकुई ऐकलेली असते, किंवा निदान आजीने ती ऐकल्याचे घरी सांगितलेले असते. खाडीकाठचा कोल्हा हा लांडग्याचा धाकटा चुलत भाऊ आहे असे म्हटले, की दूरच्या माळावरचा प्राणी एकदम नात्यात येतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला भेट ठरलेलीच असेल, तर लांडग्याचा पाठ त्या भेटीच्या पुढच्या आठवड्यात घ्यावा.

पावलांचे ठसे

संपूर्ण पाठात सर्वांत जास्त वेळ या उपक्रमाला द्यावा, कारण हाताने करण्यासारखे सर्वांत अधिक येथेच आहे आणि शेवटच्या उपक्रमालाही याचाच आधार लागतो.

पहिला भाग कुत्र्याच्या ठशाचा. रोपवाटिकेतून आणलेली लाल माती पिठाच्या चाळणीने चाळून उथळ घमेल्यात दोन बोटे जाडीची पसरावी, वर पाण्याचा हलका हबका मारावा आणि पट्टीने सपाट करावी. शाळा सुटल्यावर फाटकाशी झोपणाऱ्या कुत्र्याच्या वाटेवर घमेले ठेवावे आणि पलीकडच्या बाजूला दोन बिस्किटे टाकावीत. हे काम शिक्षकांनी किंवा शिपाईमामांनी करावे. मुलांना भटक्या कुत्र्याजवळ पाठवू नये. सकाळी ठसा उमटलेला असला, की प्लास्टिकच्या बाटलीची चार सेंटीमीटर रुंदीची कडी कापून ती ठशाभोवती मातीत रोवावी. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू भुरभुरवत घालावे, डोशाच्या पिठाइतके सरसरीत झाले की कडीच्या कडेने ओतावे आणि अर्धा तास हात लावू नये. प्लास्टर घट्ट होताना तापते. मुलांना वरून हात धरून ती ऊब जाणवू द्यावी, परंतु ओल्या प्लास्टरमध्ये बोटे किंवा तळहात कधीही बुडवू देऊ नये, कारण जाड थर हाताभोवती घट्ट झाला तर गंभीर भाजू शकते.

दोन चुका मी केल्या आहेत, त्या इतरांनी करू नयेत. पहिल्या वर्षी हा उपक्रम मी ऑगस्टमध्ये ठेवला; ठाण्याच्या पावसात घमेल्यात ठसा उमटण्याऐवजी डबके झाले आणि दुसऱ्या घमेल्यातले प्लास्टर दुपारपर्यंत दह्यासारखे थरथरत राहिले. नवरात्र उलटल्यावर माती आणि हवा दोन्ही बऱ्या असतात. दुसरी चूक अधिक महागात पडली. उरलेले प्लास्टर मी बेसिनमध्ये ओतले, ते नळीत दगड होऊन बसले आणि प्लंबर येईपर्यंत दोन दिवस संपूर्ण मजल्याला हात धुण्यासाठी खाली जावे लागले. उरलेले प्लास्टर वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकावे आणि बादली कोरडी खरवडून मगच धुवावी.

ठसा सुटून हातात आला, की मुलांना त्यात चार बोटे, मागे त्रिकोणी तळवा आणि प्रत्येक बोटापुढे नखाची टोचणी दिसते. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना बिबट्याचा ठसा फोटोत तरी ठाऊक असतो. त्यात नखे का दिसत नाहीत, हे त्यांनाच विचारावे. मांजर कुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात आणि श्वान कुळातल्यांना तसे करता येत नाही, हे उत्तर एखाद्या घरी मांजर असलेल्या मुलीकडूनच येते.

आता लांडग्याचा ठसा. येथे शिक्षकांनी प्रामाणिकपणे सांगावे, की एकट्या ठशावरून लांडगा आणि मोठा कुत्रा ओळखणे मुरलेल्या माणसालाही अवघड जाते आणि खरी ओळख चालीत असते. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून व्हरांड्यात पाच-सहा मीटरच्या दोन पट्ट्या अंथराव्यात. अर्ध्या बटाट्यावर तळव्याचा आकार कोरून तो पोस्टर रंगात बुडवून उठवावा, बोटांसाठी मुलांनी स्वतःचीच बोटे टेकवावीत आणि नखे आगकाडीच्या टोकाने काढावीत. पहिल्या पट्टीवर कुत्रा चालेल: थोडा डावीकडे, मग भिंतीशी, एका जागी गोल फिरून पुन्हा मागे. दुसऱ्या पट्टीवर लांडगा चालेल: जवळजवळ दोरी धरल्यासारखा सरळ, आणि मागचे पाऊल पुढच्याच पावलाच्या ठशात किंवा अगदी त्याच्या लगत. दोन्ही पट्ट्यांवर दोरा अंथरून चाललेले अंतर मोजायला लावावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यासाठी कुत्र्याला लांडग्यापेक्षा किती जास्त चालावे लागले, हे गणित मुले स्वतःच करतात. ज्याला घरी ताटली मिळते त्याला भटकणे परवडते आणि ज्याला एका रात्रीत कित्येक किलोमीटर चालून पोट भरायचे असते त्याला परवडत नाही, हा उलगडा एका सहावीतल्या मुलाने केला तेव्हा मला पुढे सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

परदेशी शैक्षणिक संचांत लांडग्याची खरी कवटी, दात आणि कातड्याचा तुकडा असतो. आपल्याकडे हे चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याचा समावेश आहे आणि त्याचे अवयव बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते कुणाच्या आजोबांच्या बैठकीत टांगलेले का असेनात. एखाद्या पालकाने उत्साहाने असे काही आणून दिले, तर ते वर्गात दाखवू नये. दातांसाठी शाडूच्या मातीचा जबडा करावा. लांडग्याला कुत्र्याइतकेच, म्हणजे ४२ दात असतात, आणि मुलांनी आपले स्वतःचे दात जिभेने मोजून फरक काढावा.

वास आणि आवाज

वासाच्या खेळासाठी औषधाच्या रिकाम्या, धुतलेल्या छोट्या डब्या घ्याव्यात आणि कापसाच्या बोळ्यांना लवंग, ओवा, कापूर, निलगिरी तेल, वेलची, सुंठ असे वास देऊन प्रत्येक वासाच्या चार-पाच डब्या कराव्यात. डबीवर काहीही लिहू नये. प्रत्येक मुलाला एक डबी मिळते आणि न बोलता, न खुणावता, केवळ हुंगून आपले कुटुंब शोधायचे असते. वर्गातले पंखे आधी बंद करावेत. पंख्याखाली सगळे वास एक होतात. (वाऱ्याच्या कोणत्या बाजूने शिकारी सावजाजवळ जाईल, हे समजावण्यासाठी नंतर एकच पंखा मुद्दाम चालू करता येतो.) हिंग टाळावा. मी एकदाच वापरला. हिंगाच्या कुटुंबाने दोन मिनिटांत साऱ्या वर्गावर राज्य केले आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते टिकले. दमा किंवा वासाची ॲलर्जी असलेल्या मुलांची चौकशी आदल्या दिवशीच करून त्यांना निरीक्षकाचे काम द्यावे.

कुटुंबे जुळली, की त्यांचा ‘म्होरक्या कोण’ यावरून भांडण होते आणि ते उपयोगी पडते. कळपात झुंजून वर चढलेला एक दांडगा नर असतो, ही समजूत मुख्यतः १९४७ मधल्या रूडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासातून पसरली. तो अभ्यास बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा होता. पुढे मोकळ्या रानातल्या लांडग्यांवर दीर्घकाळ काम केलेल्या डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतांशी आई, बाबा आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्ले. लवंगेच्या गटात आई, बाबा, थोरली ताई आणि दोन पिल्ले अशा चिठ्ठ्या वाटल्या, की म्होरक्याचा प्रश्न आपोआप मिटतो.

आवाजाचा उपक्रम शेवटच्या तासाला मैदानावर घ्यावा आणि शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे. पाच मुले भिंतीआड जातात. प्रथम सर्वांनी एकाच पट्टीत "हूऽऽऽ" करायचे, नंतर प्रत्येकाने वेगळ्या पट्टीत आणि आवाज वरखाली करत. बाकीचा वर्ग डोळे मिटून किती जण आहेत ते सांगतो. पहिल्या वेळी दोन-तीन असे उत्तर येते, दुसऱ्या वेळी सात-आठ. लांडगेही एकत्र ओरडताना एकमेकांचा सूर टाळतात, आणि त्यामुळे थोडे असूनही दूरच्या परक्या कळपाला जास्त भासतात.

माळ, मेंढरे आणि पंचनामा

लांडगा शिकवून माळ शिकवला नाही, तर मुलांना प्राण्याचे नाव कळते आणि तो कमी का होतो आहे ते कळत नाही. एका कळपाला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूखही लागू शकतो. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्या शेजारचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे आहे. संपूर्ण भारतात लांडगे अंदाजे तीन हजारांच्या आसपास उरले असावेत. दोन सत्रांत भरणाऱ्या मोठ्या शाळेच्या हजेरीपटाइतकी ही संख्या आहे.

मैदानावर वर्तमानपत्राचे वीस कागद पसरून माळ तयार करावा. दोन मुले लांडगे, आठ काळविटे, चार ससे, तीन मेंढपाळ आणि उरलेली मुले मेंढरे. शिक्षकांनी एकेक चिठ्ठी उघडावी आणि त्याप्रमाणे कागद उचलावेत: कालव्याचे पाणी आले आणि ऊस लागला, की दोन कागद; नवा रस्ता आला, की एक; सौर प्रकल्प आला, की तीन; वृक्षारोपण झाले, की तीन. या शेवटच्या चिठ्ठीला मुले हमखास टाळ्या वाजवतात. कागद उचलला गेला, की टाळ्या थांबतात आणि मग "का" विचारले जाते. तेथे सावकाश उत्तर द्यावे. माळरान म्हणजे झाडे तोडून उरलेली रिकामी जागा नव्हे. कमी पावसाच्या प्रदेशातली ती स्वतंत्र परिसंस्था आहे, तिथले गवत उन्हात वाढते आणि काळविटाचा सगळा जीव दूरवर दिसण्यावर आणि मोकळे धावण्यावर असतो. दाट झाडी लावली, की गवत सावलीत मरते आणि गवताबरोबर ते खाणारेही जातात. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद अनेकदा ‘पडीक’ अशी असते, हा शब्द फळ्यावर लिहून ठेवावा. दरवर्षी पर्यावरणदिनी रोपटे लावणाऱ्या मुलांना हे पचायला जड जाते, जाऊ द्यावे.

मेंढपाळाची बाजू मुलांना हाताने कळावी म्हणून घोंगडीचा तुकडा फिरवावा. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते, बोटांना टोचते आणि ओली झाल्यावर तिला येणारा वास कुणालाही विसरता येत नाही. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि भात कापलेल्या शेतात लेंडीखतासाठी मेंढरे बसवतात. पनवेल, उरण या बाजूच्या मुलांनी रस्त्याकडेला असा कळप पाहिलेला असतो. त्यांना आधी बोलू द्यावे.

त्यानंतर पंचनाम्याचा तास. जुन्या उशीला काळी लोकर गुंडाळून ‘मेंढी’ करावी आणि व्हरांड्यात ठेवून तिच्याभोवती बटाट्याच्या शिक्क्यांनी ठसे काढावेत. काही गटांसाठी चाल सरळ असावी, काहींसाठी भरकटणारी, आणि कोणत्या गटाला काय मिळाले ते सांगू नये. लांडग्याने मेंढरू मारले तर महाराष्ट्रात वनविभागाकडून भरपाई मिळते, आणि त्यासाठी घटनास्थळी पंचनामा व्हावा लागतो. मुलांनी तारीख, ठिकाण, जनावराचे वर्णन, ठशांचे माप, दोन पंचांच्या सह्या आणि शेवटी निष्कर्ष असा कागद भरावा. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्याही मेंढरे मारतात आणि आळ लांडग्यावर जातो, हे येथे व्याख्यान न देता समजते. याच कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लांडग्यांत पसरतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकरही जनुकीय तपासणीत आढळला आहे, एवढे सातवीच्या वर्गाला सांगावे.

लांडगा माणसाला मारतो का, हा प्रश्न येतोच. "नाही" असे ठाम उत्तर देऊ नये. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचच्या परिसरात लहान मुलांवर हल्ले झाले, ते मुलांनी बातम्यांत ऐकलेले असते आणि खोटे सांगितल्यास बाकीचा पाठही त्यांना खोटा वाटतो. असे हल्ले विरळ असतात, एरवी लांडगा माणसाला टाळतो आणि माळावर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहणारी माणसे मेंढरांची राखण करतात, हे तिन्ही एकत्र सांगावे.

सहलीची मागणी आली, तर बारामतीजवळच्या सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्याचा विचार करता येतो. तेथे चिंकारा दिसण्याची शक्यता बरी असते. लांडगा दिसेलच असे कुणाला कबूल करू नये, आणि ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्याचाही हट्ट धरू नये.

पाठ संपल्यावर सर्व साहित्य एका पत्र्याच्या डब्यात भरावे. वाळलेले ठसे वर्तमानपत्रात गुंडाळावेत, घोंगडीच्या घडीत कडुनिंबाचा पाला घालावा आणि वासाच्या डब्यांतील कापूस काढून टाकावा. उरलेले कोरडे प्लास्टर मात्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, वेगळ्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडे राहिलेले प्लास्टर ओलावा ओढून घेते आणि पुढच्या ऑक्टोबरात कितीही ढवळले तरी नीट घट्ट होत नाही.